आधी उताणं पडायचं

मामांशी बोलायला गेलं की ते तुमच्याकडे बघत नसत. तुम्ही शेजारी उभे राहून काहीही सांगा, फी भरली म्हणा, पोरीला सर्दी झालीय म्हणा, त्यांची मान आपली टँककडे. "बोला, बोला. कान मोकले हायेत माझे," असं म्हणायचे आणि डोळे पाण्यावरून हलायचे नाहीत. पहिल्या दिवशी मला हे फार लागलं. रबाळ्याच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी बारा वर्षं माणसांच्या तोंडाकडे बघून बोलत आलेली बाई. मला वाटलं, काय उद्धट माणूस आहे.

आमच्या जुईनगरच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक जिमखाना आहे. त्याच्या स्विमिंग टँकवर ते शिकवायचे. त्यांना नाव होतं, पण पोरं मामा म्हणायची म्हणून पोरांच्या आया मामा म्हणायच्या, आणि मग बापांचाही इलाज नव्हता. एरवी कुणालाही सर म्हणून मोकळे होणारे सुटाबुटातले बाप तिथे 'मामा, जरा बघा ना' म्हणत उभे असायचे. मामा खाडीकाठच्या जवळच्याच गावातले. साठी उलटलेली, अंग शिडशिडीत, हाफ पँट, आणि रंग कुठला होता हे आता सांगता येणार नाही असा एक टी-शर्ट. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तो फक्त हजेरी घेताना डोळ्यांवर चढायचा.

मी माणदेशातली. आमच्याकडे पाणी यायचं ते टँकरने, आणि मावायचं हंड्यात. पोहणं ही आमच्या सात पिढ्यांत कुणी न केलेली गोष्ट. पण लग्न होऊन नवी मुंबईत आले तर इकडे खाडी, तिकडे भरतीचं-पावसाचं पाणी साठवायचे होल्डिंग पाँड, प्रत्येक नव्या सोसायटीत टँक. त्यामुळे मुलगी सई सहा वर्षांची झाली तसं मी मनाशी ठरवलं की हिला पोहायला आलंच पाहिजे. माझी आई फोनवर म्हणाली, "पाण्याच्या नादी लावू नगंस पोरीला." म्हटलं, आई, नादी नाही लावत, ओळख करून देते.

आधी आम्ही एका चकचकीत ठिकाणी गेलो होतो. तिथे एकवीस दिवसांत पोहण्याची हमी होती, सर्टिफिकेट होतं, सर्टिफिकेटासोबत फोटो होता. मला ते पसंतही पडलं होतं. मामांच्या टँकवर गेले ती केवळ फी विचारायला. मामांनी, अर्थात पाण्याकडे बघत, विचारलं, "तिथं एका मास्तराकडं पोरं किती?" मला माहीत नव्हतं. "मास्तर पान्यात उतरतो का काठावरनं बोंबलतो?" तेही पाहिलं नव्हतं. "टँकचा तल दिसत व्हता का? खालची जाली?" मी फक्त फरशी आणि रिसेप्शन बघून आले होते. मामा म्हणाले, "मंग परत जावा, आनि बघून या. इथं आलाच पायजे असं काय नाय."

मी परत गेले. एका तरुण मास्तराकडे बावीस पोरं होती आणि तो मास्तर कोरडा ठणठणीत होता. दुसऱ्या दिवशी सईचं नाव मी जिमखान्यात घातलं.

आता तुम्हाला वाटेल, मग पोहणं सुरू झालं. छे. पहिला आठवडा सई नुसती काठावर पाय सोडून बसली. पाण्यात उतरायचं तर दर वेळी विचारायचं, "मामा, येऊ?" मामांनी 'ये' म्हटल्यावरच उतरायचं. न विचारता उतरलेलं पोर त्या दिवसापुरतं बाहेर, मग त्याचा बाप जिमखान्याचा कुणीही असो. दुसऱ्या आठवड्यात तोंडाने बुडबुडे. तिसऱ्या आठवड्यात उताणं पडणं. हात मारणं नाही, पाय मारणं नाही, नुसतं आकाशाकडे तोंड करून पडायचं.

"कान बुडू दे, बाय," ते सांगायचे. "कान पान्यात, नाक आभालात. आयकू नाय आलं तरी चालेल. श्वास घेता आला पायजे."

एका वडिलांचा धीर सुटला. "मामा, पंधरा दिवस झाले, पोराने अजून एक लॅप नाही मारला."

"साहेब, लॅप मारून कोन वाचत नाय," मामा म्हणाले. "दमला की बुडतो. ज्याला उताना पडून वाट बघता येते, तो वाचतो. आधी उतानं. हात मारायचं मागून शिकवतो, पलून नाय चाललू."

दंडाला बांधायचे हवेचे फुगे ते पहिल्याच दिवशी काढून घेत आणि खिळ्याला टांगून ठेवत. म्हणायचे, यानं पोराला वाटतं, मना पवता येतं, आनि आईलाबी तसंच वाटतं. ज्यांच्या घरी रांगतं मूल असेल त्यांची वेगळीच चौकशी. "बाथरूमात बादली भरून ठेवता? मंग दाराला कडी लावा. बादलीत पवता येत नाय." एकदा एक बाई सलग फोटो काढत होत्या. मामांनी त्यांना अडवलं नाही. फक्त म्हणाले, "ताई, तुमची पोरगी फोटोत कुठं हाय, जरा मना दाखवा." बाईंनी फोटो मोठा केला, मागचा काढला, त्याच्या मागचा काढला. पोरगी पाच मिनिटांपूर्वी बाथरूमला गेली होती. आम्ही हसलो, पण घाईघाईने आपापलं पोरही शोधलं.

आणि एक नजर. नजर म्हणजे मासेमारीच्या जाळ्याला वर तरंगत ठेवणारा एक जुना लाकडी गोळा, सुताच्या दोरीत ओवलेला. बॅच सुरू झाली की मामा तो कुणातरी एका पालकाच्या गळ्यात घालायचे. मामा होतेच, मदतीला एक मुलगीही होती, तरीही एक पालक हवाच. ज्याच्या गळ्यात गोळा, त्याने मोबाइल बघायचा नाही, गप्पा मारायच्या नाहीत, पाठ फिरवायची नाही. जायचं असेल तर गोळा दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा आणि म्हणायचं, "नजर घ्या." समोरच्याने "घेतली" असं तोंडाने म्हणायचं. मान हलवलेली चालत नसे. एकदा एका आजोबांनी नुसती मान हलवली, तर मामांनी शिट्टी मारून सगळी बॅच पाण्याबाहेर काढली.

मी एकदा चिडून विचारलं, "अहो, तीस माणसं बसलोय ना इथे आम्ही. सगळेच बघतोय."

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. पाण्याकडे बघतच.

"मी चार वर्साचा व्हतो. मोठ्या बहिनीची हलद. मांडव आमच्या गावच्या तलावाच्या काठाला. सगला गाव तिथं. आई, बाप, काका, माम्या, वाजाप चालू. मी पायरीवरनं घसरलू. बुडनारा बोंबलत नाय, ताई. पिच्चरमधी बोंबलतो. तोंडात पानी, बोंबलनार कशानं? सगल्यांना वाटलं, कोनतरी बघतंय. एक बांगड्यावाली आली व्हती, लांबच्या गावची. तिला तिथं कोन वळखत नव्हतं, बोलायला मानूस नाय. म्हनून ती बिचारी पान्याकडं बघत बसली व्हती. तिनं काढला मना."

"मग? नाव काय त्या बाईचं?"

"कोनी इचारलंच नाय. हलद चालू व्हती."

त्यानंतर मी कधी नजरेबद्दल कुरकुर केली नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी कपड्यांची परीक्षा असायची. पोरांनी शाळेच्या युनिफॉर्मात, बुटांसकट पाण्यात पडायचं आणि उताणं होऊन तोंड वर ठेवायचं. मी म्हटलं, "मामा, युनिफॉर्म नवा आहे हो." ते म्हणाले, "बुडनारा जुना घालून येत नाय." क्लोरीनने त्या स्कर्टचा रंग गेला तो गेलाच. वर्षभर सई शाळेत फिकट निळी आणि बाकी वर्ग गडद निळा. आणि इतकं करून सर्टिफिकेट नाही. 'पोहता येतं' असं मामा कुणालाही लिहून देत नसत. फारच आग्रह झाला तर म्हणायचे, शिकतंय.

सई आठ वर्षांची झाली तोवर चांगली पोहायला लागली होती. माझं ऑफिसात सगळ्यांना सांगून झालं होतं. आणि खरं सांगायचं तर माझी भीती मोडली होती. ती मोडायला नको होती.

जानेवारीत आमच्या सोसायटीतली पाच घरं एक दिवसाच्या सहलीला गेली. जासईच्या पुढे आत, कुणाच्या तरी ओळखीचं शेतघर. पुढे आंब्याची झाडं, मागे भाजीचा मळा, आणि अंगणात छोटासा टँक. आयोजन माझं. मी मामांकडून तसलाच एक गोळा मागून नेला होता. बाकीचे हसले, पण सकाळभर मी तो गळ्यात घालून उन्हात बसले. दुपारी पोरं बाहेर आली, अंग पुसलं, कपडे घातले. तेवढ्यात आतून हाक आली, "वहिनी, पानं वाढायला या." मी उठले. नवरा कट्ट्यावर दोघातिघांशी सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटवर बोलत बसला होता. गोळा त्याच्या गळ्यात घातला. म्हटलं, "नजर घ्या." त्याने बोलता बोलता मान हलवली.

मी त्याचा शब्द ऐकला नाही. थांबलेही नाही. मनात आलं, पोरं तर टँकबाहेर आहेत, आता कसली नजर. आणि मी भाजी वाढायला गेले.

पोरांची पंगत आधी बसली. अकरा पत्रावळी मांडल्या होत्या. मी वरणाचं भांडं घेऊन एका टोकाने निघाले आणि नवव्या पत्रावळीपुढे कुणी नव्हतं. "सई कुठे गं?" शेजारची चिमुरडी म्हणाली, "ती बॉल आणायला गेली. मागे. कधीच गेली."

मागे मळा होता. मळ्याच्या पलीकडे शेततळं होतं, हे आम्हा वीस मोठ्या माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. तुम्ही पाहिलं असेल असं शेततळं. मोठा चौकोनी खड्डा, आतून काळा प्लॅस्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. कुंपण नाही. अशा तळ्यात पट्टीचा पोहणारासुद्धा काठाशी येऊन हरतो, कारण कागदावर हात ठरत नाही आणि पाय तर नाहीच नाही.

सई तळ्याच्या मधोमध होती. उताणी. पिवळा फ्रॉक पाण्यावर पसरलेला, डोळे उघडे, तोंड आकाशाकडे. मी ओरडले, "सई." ती हलली नाही. पुन्हा ओरडले. तिने पापणीही हलवली नाही.

त्या दोन क्षणांबद्दल मला लिहिता येणार नाही.

मग मला तिचं पोट वर-खाली होताना दिसलं. श्वास चालू होता. कान पाण्यात होते, म्हणून माझी हाक पोचत नव्हती. मी उडी टाकायलाच निघाले होते, माणदेशची बाई, जिने उभ्या आयुष्यात गुडघ्यावर पाणी पाहिलं नाही. नवरा मागून पळत आला आणि त्याने माझी ओढणी धरून मला मागे खेचलं. मामांचं एक सांगणं त्याच्या ध्यानात होतं. पाण्यात माणूस टाकायचा नाही, वस्तू टाकायची. मळ्याला पाणी घालायचा रबरी पाइप पडला होता, तो त्याने पालथा पडून सईच्या पोटावर फेकला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. आम्ही ओढला. ती कागदावरून घसरत वर आली आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "आई, माझी एक चप्पल गेली."

तिचे दोन्ही गुडघे खरचटले होते. तीन वेळा चढायचा प्रयत्न केला म्हणाली. "मग मामांचं आठवलं. काठ मिळत नसेल तर काठाशी भांडायचं नाही, उताणं पडायचं आणि वाट बघायची. मला वाटलं, तू जेवायला बोलवायला येशीलच."

नवऱ्याला मी दोष दिला नाही, त्यानेही मला नाही. गोळा त्याने गळ्यातून काढून कट्ट्यावरच ठेवला होता. तो आम्ही दोघांनी मिळून उचलला म्हटलं तरी चालेल.

मंगळवारी आम्ही टँकवर गेलो. मी मामांना सगळं सांगितलं. माझी अपेक्षा काय होती कुणास ठाऊक. पाया पडावं असं मनात होतं. त्यांनी पाण्याकडे बघत एकच विचारलं, "नजर कोनाकडं व्हती?"

"माझ्याकडे," मी म्हटलं. "दिली, पण 'घेतली' ऐकलं नाही."

बॅच संपेपर्यंत ते पाण्याकडेच बघत राहिले. शेवटचं पोर बाहेर आल्यावर त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला, सईला जवळ घेतलं, खाली बसून तिचे गुडघे बघितले. "दुखतंय का गं, बाय?" सई म्हणाली, आता नाही. मग ते बराच वेळ तिच्या गुडघ्यांवरच्या खपल्यांवरून अंगठा फिरवत राहिले. चष्म्याच्या आत काय झालं होतं ते मला दिसलं, आणि मी दुसरीकडे बघितलं.

उठून म्हणाले, "पोरीनं केलं ते पोरीचं झालं, ताई. आता तुमचं काय?"

"माझं?"

"उद्या सकाली सहाला या. बायकांची बॅच हाय."

मी हसले. म्हटलं, मामा, बेचाळीस वय झालं, आमच्याकडे कुणी कधी पोहलंय? ते हसले नाहीत. "उद्या पोर पान्यात असंल तर काठावर नुसती वरडायला आई नको," म्हणाले.

तर अशी मी पोहायला शिकले. शिकले म्हणजे, मामांच्या भाषेत, शिकतंय. बायकांना ते हात लावत नसत. एक जाड बांबू मानेखाली धरायचे आणि काठाने चालत राहायचे. माझे पाय बुडायचे, मग कंबर, मग मी. नाकातोंडात पाणी जायचं. मी बांबूला अशी मिठी मारायची की बाकीच्या बायका खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवायच्या. "तुमी पान्याला पकडाया बघता," मामा म्हणायचे. "ते पकडायचं नसतं. त्याच्यावर निजायचं." आठवडे गेले. मार्च गेला, एप्रिल गेला. सई काठावर गळ्यात गोळा घालून बसायची. मोठ्यांच्या बॅचला नजर म्हणून मामांनी तिला नेमलं होतं, आणि ती मोबाइल तर सोडाच, माझ्याशीसुद्धा बोलत नसे.

मेच्या शेवटी एका सकाळी मी डोळे उघडले तर वर आकाश होतं आणि मानेखाली काही नव्हतं. बांबू कधी काढून घेतला कळलंच नाही. पाय बुडाले नाहीत. कान पाण्यात होते, आणि आत असं शांत होतं की माझाच श्वास मला लांबून ऐकू येत होता. सईने त्या तळ्यात हेच ऐकलं असेल, असं मनात आलं आणि रडू आलं. पाण्यात रडल्याचं कुणाला कळत नाही, ते एक बरं.

पाऊस तोंडावर आला की टँक दुरुस्तीसाठी बंद होतो. बंद व्हायच्या आदल्या दिवशी मी एकटीच पाण्यात होते, उताणी, मधोमध. मामा काठावर बांबू टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलताना दिसले. ते मला काहीतरी सांगत होते. एक वाक्य नव्हे, चांगली दोन-तीन वाक्यं होती. हात करून सांगत होते, मधेच हसत होते. माझे कान पाण्यात. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मान वर काढली असती तर बुडाले असते. मी पाण्यातून हात काढून अंगठा दाखवला. ते समाधानाने हसले, मान हलवली आणि बांबू जागेवर ठेवायला निघून गेले. मी बाहेर आले तोवर ते किल्ल्या द्यायला ऑफिसात गेले होते. सईला घरी जायची घाई होती. म्हटलं, टँक सुरू झाला की विचारू.

टँक अजून बंदच होता, आणि मामा गणपतीच्या आठ दिवस आधी गेले. रात्री छातीत दुखलं, सकाळी नव्हते. बातमी बॅचच्या ग्रुपवर आली. आम्ही तिघं त्यांच्या गावातल्या घरी जाऊन आलो. त्यांच्या सुनेने चहा दिला. म्हणाली, तुमीच का त्या शेततल्यावाल्या? बाबा घरी सांगायचे तुमचं. मी विचारलं, काय सांगायचे? तेवढ्यात आणखी माणसं आली आणि ती उठून गेली.

नवरा म्हणतो, ते 'पाय ढिले सोडा' असं सांगत असतील. सई म्हणते, "आई, ते म्हणाले असतील की पुरे आता, वर या." तिला मी विचारलं होतं, तू काठावरच होतीस ना, तुला ऐकू आलं असेल. ती म्हणाली, "मी तुझ्याकडे बघत होते."

असेल यांतलंच काही. पण ते हसले होते, आणि मला सगळं ऐकू आलं असं समजून गेले.